शर्यतीआधीचा हिवाळा

७ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ऑलिंपिक सामन्यांतील पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत झाली. शेवटचे काही पाऊल अंतर उरले असता अ‍ॅलिस्टर ब्राउनली या चोवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने धावणे थांबविले आणि राष्ट्रध्वज घेऊन तो चालतच अंतिम रेषेपलीकडे गेला. सुवर्णपदक त्याला मिळाले. कांस्यपदक त्याच्या धाकट्या भावाला, जोनाथनला मिळाले. जगाने पाहिली ती शर्यत १ तास ४६ मिनिटे २५ सेकंदांची होती. परंतु ती शर्यत ज्या हिवाळ्याने घडविली, तो हिवाळा पाहावयास मात्र कोणी प्रेक्षक जमले नव्हते. श्रोतेहो, आजचे हे भाषण त्या हिवाळ्याविषयी आहे.

ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ एक अशा तीन शर्यती होत. ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनी येथे या खेळाचा प्रथम समावेश झाला. प्रथम दीड किलोमीटर पोहावयाचे, मग सुमारे चाळीस किलोमीटर सायकल हाकावयाची आणि अखेरीस दहा किलोमीटर धावावयाचे. मध्ये विसावा नाही. पाण्यातून निघून सायकलवर बसेपर्यंतचा क्षणही घड्याळात मोजला जातो. त्यामुळे तीन विद्या येणे पुरेसे नसते. पहिल्या दोहोंनी थकलेल्या देहात तिसरीसाठी बळ शिल्लक राहावे लागते. हे बळ शर्यतींच्या ऐन हंगामात साठविता येत नाही. ते हिवाळ्यातच साठवावे लागते.

ब्राउनली बंधू यॉर्कशायर परगण्यातील लीड्स शहराजवळचे. तेथे डिसेंबरअखेर सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आधीच मावळतो. उजेड साडेसात तासांचा, आणि तोही बहुधा ढगाआडचा. उन्हाच्या देशात जाऊन सराव करण्याची सोय अनेक खेळाडू पाहतात. या बंधूंनी मात्र आपल्या सरावाचे मुख्य ठाणे घरच्या प्रदेशातच ठेवले. पहाटे तलावात पोहणे, मग डोंगराळ रस्त्यांवर तासन् तास सायकल, आणि चिखलाच्या पायवाटांवर धावणे असा त्यांचा क्रम असे. आठवड्याचा हिशेब सुमारे तीस तासांवर जाई. एखाद्या कारकुनाने कचेरीत जितका वेळ घालवावा, जवळजवळ तितकाच हा वेळ. फरक इतकाच, की येथे भिजून घरी यावे लागे.

या परिश्रमाचा बराच मोठा भाग संथ गतीचा असतो, हे ऐकून अनेकांस नवल वाटेल. वेगवान होण्यासाठी हळू धावावयाचे, हे वरवर पाहता विपरीतच. परंतु त्यामागे शरीरधर्म आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या मध्यम श्रमाने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त लोटू लागते, स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि चरबीतून शक्ती घेण्याची देहाची कुवत वाढते. हे बदल आठवड्यांनी आणि महिन्यांनी होतात. त्यांना घाई मानवत नाही. शिवाय देहाचे सर्व भाग एकाच चालीने सुधारत नाहीत. दम लवकर वाढतो, स्नायू त्यामागून बळावतात; हाडे आणि कंडरा यांना मात्र फार वेळ लागतो. दम म्हणतो ‘आणखी’, आणि कंडरा म्हणते ‘थांब’. हिवाळ्यातील खरा धोका या दोन आवाजांतील अंतरात असतो.

अ‍ॅलिस्टरच्या बाबतीत हा धोका प्रत्यक्षात उतरला. २००९ आणि २०११ अशी दोन वर्षे तो जगज्जेता ठरला होता, आणि पुढचे ऑलिंपिक तर त्याच्याच देशात भरावयाचे होते. अशा वेळी २०१२ च्या आरंभीच त्याच्या टाचेमागची कंडरा फाटली. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारा हा जाड दोर प्रत्येक पावलाचा भार वाहतो. त्याला रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून तो भरून येण्यास विलंब लागतो. धावणे बंद पडले. ऑगस्ट महिना काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

मग त्याने जे करता येत होते ते केले. पाण्यात देहाचा भार हलका होतो. म्हणून तो पाण्यातच धावू लागला. ज्याला डोंगरवाटांवर धावण्यात आनंद, त्याने जागच्या जागी पाय हलवीत मिनिटे मोजावयाची, यापरता कंटाळवाणा उद्योग कोणता? दरम्यान मे महिन्यात धाकटा भाऊ जागतिक मालिकेतील शर्यती जिंकत होता. थोरल्याने तेव्हा उतावीळपणे एक शर्यत धावली असती, तर कदाचित सारेच संपले असते. तो जूनपर्यंत थांबला. ऑस्ट्रियातील किट्झब्यूएल येथे उतरला आणि तेथे पहिला आला. लंडनला शेवटचे दहा किलोमीटर त्याने २९ मिनिटे ७ सेकंदांत कापले. त्याच शर्यतीत जोनाथनला सायकलवर क्षणभर आधी बसल्याबद्दल पंधरा सेकंद थांबण्याची शिक्षा झाली. तरीही तो तिसरा आला.

यावरून अ‍ॅलिस्टरला संयम कायमचा साधला, असे म्हणणे धाडसाचे होईल. पुढेही दुखण्यांनी त्याची पाठ सोडली नाही. २०१५ मध्ये घोट्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. मात्र २०१६ साली रिओ येथे त्याने पुन्हा सुवर्णपदक मिळविले, आणि या वेळी दुसरा क्रमांक जोनाथनचा होता. संयम हा पदकासारखा एकदा जिंकून भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. तो दरसाल नव्याने पेरावा लागतो.

आपल्याकडे हिमाची थंडी नाही, पण हा ऋतू आहे. गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी शर्यत प्रथम भरली. पुढेही ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत आली. म्हणजे तिची तयारी पावसाळ्यात पडते. समुद्र खवळलेला, रस्ते निसरडे, कपडे वाळत नाहीत. आणि नोकरी सांभाळून सराव करणाऱ्या गृहस्थाला पहाटेचाच काय तो वेळ मिळतो. त्याचा हिवाळा तो हाच.

अशा एखाद्याला भर पावसात धावताना पाहून लोक हसतात. त्यांचेही चुकत नाही, कारण त्यांना फक्त पाऊस दिसतो. शेतकरी आषाढात चिखलात उभा असतो, तेव्हा त्याच्याही हातात दाखविण्याजोगे काही नसते. कणीस पुढे दिसते. पण दाणा भरेल की नाही, याचा निकाल बराचसा त्या चिखलातच लागलेला असतो.