उशिरा निजणारी मुले आणि शरीरातील घड्याळ



लवकर निजावे, लवकर उठावे, ही शिकवण घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या दिली जात आली आहे. ती देणाऱ्या वडीलधाऱ्यांची आज सर्वत्र एकच तक्रार ऐकू येते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मध्यरात्र उलटली तरी निजत नाही आणि सकाळी चार हाका मारल्या तरी उठत नाही. वर्गात त्याचे डोळे मिटतात, आकलन मंदावते, स्वभाव चिडखोर होतो आणि अखेर त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का कितपत न्याय्य आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

निद्रा केवळ इच्छेच्या अधीन नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांस छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. हेच शरीराचे मुख्य घड्याळ होय. रात्र होऊ लागली की त्याच्या आज्ञेने मेलॅटोनिन नावाचा स्राव रक्तात उतरतो व शरीर निद्रेसाठी सिद्ध होते. बहुतेक माणसांत या घड्याळाची फेरी २४ तासांहून किंचित अधिक असते. त्यामुळे ते नित्य थोडे मागे पडू पाहते आणि सकाळचा उजेड त्यास रोज वेळेवर आणून सोडतो. सजीवांतील अशा घड्याळाची यंत्रणा फळमाश्यांवरील प्रयोगांतून उलगडल्याबद्दल हॉल, रोझबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यौवनात पदार्पण होताच हे घड्याळ उशिराकडे सरकते, असे अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्कॅडन यांच्या संशोधनाने दाखवून दिले. साधारण विशीपर्यंत वाढणारा हा कल पुढे हळूहळू ओसरतो. काहींच्या बाबतीत मात्र तो इतका तीव्र असतो की रात्री दोन-तीन वाजेपर्यंत झोप येतच नाही. न्यूयॉर्क येथील इलियट वाइट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा रुग्णास सुटीत मनाजोगते निजू दिल्यास त्याची झोप गाढ व पुरेशी होते. म्हणजे दोष झोपेत नसून तिच्या वेळेत असतो. विकार ओळखण्याची हीच खूण.

यावर कोणी म्हणेल, आळसाला ही शास्त्राची ढालच मिळाली! तसे नाही. निसर्गाने लांबवलेली झोप हातातील मोबाइलचा उजेड व त्यातील करमणूक आणखी लांबवते. संध्याकाळनंतरची कॉफी, रविवारी दुपारपर्यंतचे लोळणे, यांनीही तेच घडते. उत्सवातील नाटकाचे जागरण दोन-चार रात्रींचे असते, त्यातून शरीर सावरते. नित्याचे जागरण मात्र अंगवळणी पडते.

उपाय साधे आहेत, पण त्यांत सातत्य हवे. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही फारशी बदलू नये. फार उशिरा उठणाऱ्याने ती एकदम न बदलता थोडी थोडी अलीकडे आणावी. उठताच अंगणात वा गच्चीवर उजेडात जावे. रात्री दिवे मंद करावेत आणि मोबाइल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. मेलॅटोनिनची गोळी वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. इतके करूनही अभ्यास ढासळत राहिला, किंवा मन खिन्न राहू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक मानली जाते. पहाटेची शिकवणी व सकाळची शाळा यांत ती कोठे बसावी? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली अशा मुलांच्या शाळा साडेआठपूर्वी भरू नयेत, अशी शिफारस केली. सिॲटल शहराने २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढल्याचे दिसून आले. वेळ पुढे गेली म्हणून मुले तितकाच अधिक काळ जागली नाहीत, हे विशेष. महाराष्ट्रात २०२४ साली शाळा नऊपूर्वी न भरवण्याचा आदेश निघाला, तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचे घड्याळ खरोखर मागे पडते, ती मोठी मुले त्याबाहेरच राहिली.

रागावल्याने घड्याळाचे काटे सरकत नाहीत, उजेडाने व नियमाने सरकतात. तेव्हा वडीलधाऱ्यांनी शिक्का मारण्यापूर्वी विचारपूस करावी आणि तरुणांनी सबब सांगण्यापूर्वी मोबाइल बाजूला ठेवावा. दोन्हीकडून एवढे घडले, तर सकाळची हाक भांडणाची न राहता मायेची होईल.