अनुदान आणि हाताला काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलायला उभे राहायचे म्हणजे मंडळाचे चार शब्दांत कौतुक करावे आणि खाली बसावे, हा शहाणा रिवाज आहे. पलीकडच्या खोलीत चहा उकळतो आहे हेही मला दिसते आहे. परंतु चिटणीसबाईंनी मला जो विषय दिला तो असा कोरडा, की दोन शब्दांत आटोपला तर कोणालाच काही कळायचे नाही. काम नसलेल्या मुलखाला सरकार अनुदान देते, ते कसे देते आणि त्यातून खरोखर काम उभे राहते का, हा तो विषय. शिवाय मंडळाने यंदा अनुदानातून शिलाई यंत्रे घ्यावीत असा ठराव पुढच्या सभेपुढे यायचा आहे. तेव्हा ही नुसती चर्चा नव्हे.

मी काही अर्थशास्त्री नाही. एका बँकेत पस्तीसेक वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्जप्रकरणांच्या टेबलावर. आणि त्याआधी मी दुष्काळी कामावरच्या बाईची मुलगी होते. या दोन जागांवरून जे दिसले तेवढेच सांगते.

आपल्या आटपाडी भागाची ओळख तुम्हांला मी काय करून द्यावी? तिकडे महाबळेश्वराला ढग रिते होतात आणि माणदेशात येईतो त्यांच्यात नुसती सावली उरते. पिकाचा भरवसा नाही. म्हणून आपल्याकडचा पुरुष गाव सोडतो. कोणी मुंबईला हमालीला गेला, कोणी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात थेट मद्रास-कलकत्त्याला. मागे राहिली ती बाई, म्हातारी माणसे आणि शेरडे. बेकारी हा शब्द आपण पुरुषाच्या बाबतीत वापरतो. मागे राहिलेल्या बाईला कोणी बेकार म्हणत नाही, कारण ती पहाटेपासून राबतच असते. तिच्या हातात पैसा मात्र येत नाही.

१९७२ साली पाऊस गेला तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुमच्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आठवत असेल. आमची आई खडी फोडायला जाई. मी धाकट्या भावाला घेऊन लिंबाखाली बसे आणि सुकडी वाटणाऱ्या माणसाकडे डोळे लावी. एके दिवशी मुकादमाने मस्टर उघडले, आणि मला नुकतेच वाचता येऊ लागल्यामुळे मी त्यात आईचे नाव वाचले. तोवर आईचे नाव कोठे लिहिलेले मी पाहिले नव्हते. गावात ती अमक्याची बायको, तमक्याची सून. त्या कागदावर ती स्वतः होती, आणि नावापुढे तिचा अंगठा होता. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात असल्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, हे मी पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचले. त्या वेळी मला वाटे, सगळे जग आमच्याच माळावर गोळा झाले आहे.

आता या कामांमागची व्यवस्था थोडी समजून घेऊ. आपल्याच सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी ही कल्पना धरून ठेवली, की खेड्यात जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे. साठीच्या दशकात तासगाव तालुक्यात तिचा लहानसा प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर बेकारभत्ता द्यायचा. बाई आणि पुरुष यांना एका मापाला एकच दर. आणि यासाठी पैसा कोठून आणला? १९७५ साली व्यवसाय कर बसवला, आणि त्या कराइतकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरवले. तुमच्या यजमानांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात म्हणून घरोघरी कुरकुर चालते ना, तोच हा कर. मुंबईच्या नोकरदाराने माणदेशातल्या खडी फोडणारणीची मजुरी द्यावी, असा तो हिशेब होता. मला तो फार न्यायाचा वाटतो. पुढे २००५ साली केंद्राने साऱ्या देशासाठी घरटी १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव जमेला होता. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला. त्यात खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर आला आहे. तो वाटा राज्ये कशा उचलतात ते पाहायचे.

या योजनेचे गोडवेच गाते आहे असे समजू नका. आमच्या आईने फोडलेली खडी कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडली होती. रस्ता झालाच नाही. ढिगांवर गवत उगवले आणि आम्ही पोरे त्यांवरून घसरगुंडी खेळलो. मजुरी मिळाली, पोटे जगली; पण दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच हातोडा. पाझर तलाव आणि नालाबांध जेथे नीट झाले तेथे विहिरींना पाणी उतरले, हेही खरे.

यापुढचे पाऊल १९९० च्या सुमारास पडले, आणि ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. रोजगार हमीच्या पैशातून शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या रानात फळझाडे लावायला अनुदान मिळू लागले. खड्डे खणण्याची मजुरी त्यातच धरलेली. कोकणात आंबा-काजू लागला, आपल्याकडे डाळिंब आणि बोर. यातली खुबी अशी, की सगळा पैसा एकदम मिळत नसे. तो तीन वर्षांत हप्त्याने मिळे, आणि झाड जगले असेल तर मिळे. अधिकारी येऊन झाडे मोजत असत. म्हणून बाया पहिल्या उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी नेऊन रोपांना पाणी घालत. अर्थात ज्याला जमीन त्यालाच हे अनुदान. भूमिहीनाला खड्डे खणण्यापुरतेच काम. आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, घागर मात्र बाईच्या डोक्यावर, हेही सांगून ठेवते. पुढे डाळिंबावर तेल्या आला आणि कित्येकांच्या बागा गेल्या. तरी पण पाच-सात वर्षे चार घरांत पैसा खेळला. पाण्यासाठी १९९३ पासून आपल्याकडे पाणी परिषदा भरल्या, नागनाथअण्णा नायकवडींसारखी माणसे झटली, आणि बऱ्याच वर्षांनी टेंभूचे पाणी आले, तो इतिहास तुम्हांला पाठ आहे.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. सांगायला बरे वाटत नाही, पण सांगते.

१९९९ साली केंद्राची एक स्वरोजगार योजना सुरू झाली होती. दारिद्र्यरेषेखालच्या बायांचा बचत गट करायचा, बँकेने धंद्यासाठी कर्ज द्यायचे आणि प्रकल्पाच्या निम्मी रक्कम सरकारने अनुदान द्यायची. मात्र माणशी दहा हजारांच्या वर नाही, आणि गटाला एकूण सव्वा लाखाच्या वर नाही. हे अनुदान बायांच्या हातात पडत नसे. ते बँकेत राखून ठेवायचे, आणि कर्ज फिटत आले की शेवटी त्यात वळते करायचे. कर्ज थकले तर अनुदानही गेले. ही अट मी गटातल्या बायांना समजावून सांगायला हवी होती. मी ती वाचून दाखवली. वाचून दाखवणे आणि समजावणे यांत काय अंतर आहे, ते मला पुढे कळले.

२००३ च्या मार्चचा शेवटचा आठवडा होता. ३१ तारखेच्या आत उद्दिष्ट पुरे करायचे म्हणून वरून रोज फोन. एका वाडीवरच्या दहा बायांचा गट होता. त्यांना मिरची कांडप आणि शेवयांचे यंत्र द्यायचे ठरले. त्यांनी ते मागितले होते का? नाही. दोन लाखांचा प्रकल्प अहवाल आधीच टंकलिखित तयार होता. शेजारच्या गावाचे नाव खोडून या वाडीचे घातले होते. त्यात लिहिले होते, की यंत्र वर्षातून ३०० दिवस चालेल. भगिनींनो, मी स्वतः माणदेशातली बाई. मिरची कोणत्या महिन्यात कुटतात आणि शेवया कधी करतात हे मला सांगायला कोणी कारकून नको होता. तीन महिने, फार तर साडेतीन. तरी मी त्या ३०० दिवसांखाली सही केली.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. यंत्र आले, नारळ फुटला, छायाचित्र निघाले. पहिल्या उन्हाळ्यात थोडी गिऱ्हाइके आली. शेजारच्या गावातही त्याच अहवालावर तेच यंत्र दिलेले असल्याने तिकडची गिऱ्हाइके तिकडेच राहिली. २००५ च्या उन्हाळ्यात भारनियमन इतके होते, की दिवसा वीज दिसेना. बाया रात्री एक वाजता कंदील घेऊन शेडमध्ये जात. पावसाळ्यात यंत्र बंद, पण विजेचे बिल चालू आणि बँकेचा हप्ता चालू. मी वसुलीला गेले तेव्हा गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशी मला म्हणाल्या, “बाई, मिशीन तुमी दिली. आता तिला बारा म्हयनं खायाला कोण घालायचं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी हप्त्याची पावती फाडली.

त्या बायांनी कर्ज बुडवले नाही. दहांतल्या तिघी ऊसतोडीला गेल्या आणि तिकडून पैसे पाठवत राहिल्या. मावशींनी कानांतली फुले मोडली. २००९ साली शेवटचा हप्ता भरला, अनुदान जमा झाले, खाते बंद झाले. आमच्या नोंदीत ते यशस्वी प्रकरण आहे! यंत्र पुढे भंगारात गेले, शेडला कुलूप लागले.

याच वाडीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर अनुदान म्हणजे पापच असे तुम्हांला वाटेल. २०११ पासून जुनी योजना मोडून नवे अभियान आले, ज्याला आपल्याकडे उमेद म्हणतात. त्यात यंत्रासाठी भांडवली अनुदान नव्हते. गटाने आधी काही महिने बैठक, बचत, आपसांत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची वही ही पाच कामे नीट करून दाखवायची, मग १०,००० ते १५,००० रुपयांचा फिरता निधी मिळे. नंतर ही रक्कम वाढवण्यात आली. एवढ्याशा पैशात काय होते, असे मलाही वाटले होते. मावशींच्या सुनांनी त्यातून आळीपाळीने शेळ्या घेतल्या. शेळीला वीज लागत नाही, आणि आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार कोणा अधिकाऱ्याने भरवायचा नसतो. तो वाडवडिलांपासून भरतो आहे. त्यात श्रीमंत कोणी झाले नाही. पण नड लागली तर बोकड विकून पैसा उभा करता येतो, आणि तो पैसा बाईच्या हातात येतो.

आता आपल्या शिलाई यंत्रांकडे वळते. मी ठरावाच्या विरुद्ध नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की शिवलेले कपडे घेणार कोण? मागच्या बैठकीत एकीने म्हटले, शाळांचे गणवेश मिळतील. २०२४ साली सरकारने खरोखरच साऱ्या राज्याचे गणवेश एका पद्धतीने करायचे ठरवले आणि शिलाई बचत गटांकडे दिली. कापड उशिरा आले, मापे चुकली, पोरे स्वातंत्र्यदिनाला जुन्याच कपड्यांत उभी राहिली, आणि वर्ष संपायच्या आत निर्णय फिरवून गणवेशाचे काम पुन्हा शाळांच्या समित्यांकडे गेले. ज्यांनी त्या कामाच्या भरवशावर यंत्रे घेतली असतील त्यांचे काय झाले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या तिघी आहेतच. त्या आज येथे बसल्या आहेत. अनुदानाची दहा यंत्रे आली तर आधी त्यांच्या पोटावर पाय येईल. त्यांना कोणी विचारले आहे काय?

माझी सूचना साधी आहे. यंत्रांचा अर्ज दोन महिने बाजूला ठेवावा. तेवढ्यात चौघींनी मिळून बाजारपेठेतली दुकाने, दोन्ही शाळा आणि दवाखाना येथे जाऊन विचारून यावे, की तयार पिशव्या, चादरी, परकर, जे काय असेल ते, वर्षाला किती लागते आणि आज कोठून येते. ते वहीत लिहावे. मग किती यंत्रे लागतात ते आपोआप कळेल; कदाचित दहा लागतील, कदाचित दोनच. त्या तिघींपैकी एकीने शिकवायचे पत्करले, तर तिला मानधन द्यावे.

त्या वाडीच्या गटाची हप्त्यांची वही मावशींनी मला निवृत्तीच्या वेळी दिली होती. ती आज मी बरोबर आणली आहे आणि चिटणीसबाईंकडे ठेवून जाते. मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे, कोणालाही वाचता येईल. सभा मंगळवारी आहे. मी येईन, आणि अर्ज भरायचाच ठरला तर या वेळी सगळ्या अटी मीच समजावून सांगेन.

चहा निवत असेल. मी बसते.