मतांची बेरीज आणि शब्दाचा हिशेब

(शिक्षक-पालक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोकसभेचे निकाल लागले की चहाच्या दुकानापासून एस.टी. स्टँडपर्यंत एकच वाक्य कानावर पडते, "अमुक पक्ष पहिला आला, तेव्हा सरकार त्याचेच." शिक्षकी पेशातला माणूस म्हणून मला या वाक्यात गणिताची चूक दिसते. समजा, परीक्षेचा पेपर इतका अवघड निघाला की वर्गातल्या सर्वांत हुशार मुलालाही शंभरांपैकी तीसच गुण मिळाले. तो मुलगा वर्गात पहिला ठरेल, पण पास होणार नाही. लोकसभेचेही तसेच आहे. ५४३ सभासदांच्या सभागृहात पास होण्यासाठी २७२ लागतात. १९८९ पासून २००९ पर्यंत सात सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांपैकी एकाही निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला हा आकडा स्वबळावर गाठता आला नाही. २०१४ आणि २०१९ साली एका पक्षाने तो गाठला. २०२४ साली पुन्हा कोणालाच गाठता आला नाही. म्हणजे गेल्या दहा निवडणुकांपैकी आठ निवडणुकांत मतदारांनी पुढाऱ्यांना एकच सांगितले आहे : "एकत्र बसा आणि मार्ग काढा."

अशा वेळी सरकार बनते कसे, टिकते कशामुळे आणि पडते कशामुळे, हे आज आपणांपुढे थोडक्यात मांडायचे आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात या विषयाला फार जागा मिळत नाही. परंतु मत आपण दिलेले असते, तेव्हा त्याचे पुढे काय होते हे समजून घेणे आपले कर्तव्य आहे.

प्रथम राज्यघटना काय म्हणते ते पाहू. ७५ व्या कलमानुसार पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. पहिल्या येणाऱ्या पक्षालाच बोलवावे, असे त्या कलमात कोठेही लिहिलेले नाही. किंबहुना 'राजकीय पक्ष' हा शब्द आपल्या घटनेत शिरला तोच १९८५ साली, पक्षांतराला आळा घालणाऱ्या ५२ व्या दुरुस्तीबरोबर. घटनाकारांची अपेक्षा साधी होती. लोकांनी सभासद निवडावेत आणि ज्याच्यावर निम्म्याहून अधिक सभासदांचा विश्वास आहे, त्याने कारभार करावा.

पण हा विश्वास ओळखायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर आपला देश अनुभवातून शिकला. १९८९ साली काँग्रेसला १९७ आणि जनता दलाला १४३ जागा मिळाल्या. राष्ट्रपती व्यंकटरमण यांनी सर्वांत मोठा पक्ष म्हणून प्रथम राजीव गांधींना विचारले. त्यांनी नकार दिला, तेव्हा विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले. १९९६ साली भारतीय जनता पक्षाला १६१ जागा मिळाल्या. मित्रपक्ष धरूनही बेरीज दोनशेच्या आसपासच राहत होती. तरीही राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी त्याच न्यायाने अटलबिहारी वाजपेयी यांना पाचारण केले. १६ मे रोजी शपथ झाली आणि तेराव्या दिवशी राजीनामा द्यावा लागला. १९९८ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी निराळा मार्ग धरला. आधी पाठिंब्याची लेखी पत्रे आणा, असे त्यांनी सांगितले. पत्रे आली, मगच शपथविधी झाला. दरम्यान १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात निकाल दिला होता की, बहुमत आहे की नाही याची कसोटी सभागृहातच व्हावयास हवी. म्हणजे आधी कागद पाहावा आणि मग सभागृहात मोजदाद करावी, अशी रीत हळूहळू पडत गेली.

आता १७ एप्रिल १९९९ या दिवसाकडे वळू. अण्णा द्रमुक पक्षाच्या १८ सभासदांनी वाजपेयी सरकारचा पाठिंबा काढून घेतला होता आणि राष्ट्रपतींनी विश्वासमत घेण्यास सांगितले होते. मतदान झाले तेव्हा सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. एका मताने भारत सरकार पडले! सभागृहात त्या दिवशी एक सभासद असे होते की, जे ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते. पण त्यांनी खासदारकी सोडलेली नव्हती. त्यांनी मत दिले. दुसऱ्या एका सभासदाने स्वतःच्या पक्षाचा आदेश मोडून मत दिले. "माझ्या एका मताने काय होणार?" असे म्हणून मतदानाच्या दिवशी घरी बसणाऱ्या प्रत्येकाने २६९ आणि २७० हे दोन आकडे एकदा कागदावर लिहून पाहावेत.

पण या कथेचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सरकार पाडण्यासाठी २७० जण एक झाले, परंतु सरकार बनवण्यासाठी त्यांची एकजूट होऊ शकली नाही. पर्यायी सरकारसाठी २७२ चा आकडा जमल्याचे जाहीरपणे सांगितले गेले, प्रत्यक्षात तो जमला नाही. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली आणि १९९६, १९९८ व १९९९ अशा साडेतीन वर्षांच्या आत तीन सार्वत्रिक निवडणुका या गरीब देशाला सोसाव्या लागल्या. भिंत पाडायला गाव गोळा होते. बांधायच्या वेळी मात्र गवंडी, चुना आणि नकाशा यांवर एकमत लागते.

हा नकाशा म्हणजेच आघाडीचा लेखी कार्यक्रम. ज्या सरकारांना बाहेरच्या पाठिंब्याचाच काय तो आधार होता, त्यांचे आयुष्य पाहा. चरणसिंग यांनी २८ जुलै १९७९ ला शपथ घेतली आणि लोकसभेला तोंडही न दाखवता २० ऑगस्टला राजीनामा दिला. चंद्रशेखर यांचे सरकार नोव्हेंबर १९९० मध्ये आले आणि मार्च १९९१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९९६ सालच्या तेरा पक्षांच्या संयुक्त आघाडीने किमान समान कार्यक्रम लिहिला होता हे खरे. पण ज्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर ती उभी होती, ती सरकारबाहेर राहिली. परिणामी देवेगौडा यांचे सरकार अकरा महिन्यांच्या आत गेले आणि गुजराल यांचे सुमारे सात महिन्यांत. घर दुसऱ्याचे आणि किल्ल्याही दुसऱ्याच्याच कमरेला, मग राहणाऱ्याने किती दिवसांचा भरवसा धरावा?

याउलट दोन उदाहरणे देतो, आणि ती मुद्दाम परस्परविरोधी गोटांतली देतो. १९९९ साली वाजपेयींच्या नेतृत्वाखाली वीसहून अधिक पक्षांचे सरकार आले आणि ते २००४ पर्यंत चालले. मित्रपक्षांना बरोबर घेण्यासाठी मोठ्या पक्षाने आपले काही वादाचे विषय, जसे की राममंदिर, ३७० वे कलम, समान नागरी कायदा, समान कार्यक्रमाबाहेर ठेवले होते. दुसरे उदाहरण २००४ चे. काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. फरक अवघा सातांचा! डाव्या पक्षांच्या सुमारे साठ सभासदांनी बाहेरून पाठिंबा दिला, परंतु या वेळी त्याला किमान समान कार्यक्रमाचा आधार होता आणि तो कार्यक्रम देशापुढे छापून मांडला गेला. ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी शंभर दिवसांच्या कामाची हमी देऊ, असे त्यात लिहिले होते. २००५ साली तो कायदा झाला. महाराष्ट्राने १९७७ सालीच रोजगार हमीचा कायदा केला होता, हे आपणांस ठाऊक आहेच. माहितीच्या अधिकाराचे आश्वासनही त्याच कागदावर होते. तो कायदाही २००५ सालीच आला. लिहिलेला शब्द लोकांना दाखवून विचारता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

त्याच सरकारची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराचा विषय त्या कागदावर नव्हता. जेथे कागद संपला, तेथेच मैत्रीही संपली. जुलै २००८ मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला. २२ जुलैला सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासमत जिंकले, पण त्याच दिवशी लोकसभेत नोटांची बंडले फडकावली गेली. सरकार वाचले, सभागृहाची शान मात्र गेली.

आघाडी सरकारे दुबळी असतात, सौदेबाजीवर चालतात, हा आक्षेप आपण नेहमी ऐकतो. तो अगदीच खोटा नाही. पूर्वी प्रत्येक गटाला खूष करण्यासाठी मंत्र्यांची संख्या फुगवली जाई. म्हणूनच २००३ साली ९१ वी घटनादुरुस्ती झाली आणि मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असे ठरले. विद्यार्थी मित्रांनो, ५४३ चे पंधरा टक्के काढून पाहा. ८१ च्या वर जाता येत नाही. पक्षाच्या एक-तृतीयांश सभासदांनी फुटून निघण्याची जी सवलत होती, तीही याच दुरुस्तीने काढून घेतली. म्हणजे रोगावर औषध शोधण्याचे काम चालू आहे. आणि एक प्रश्न आपणच स्वतःला विचारावा. चार भावांच्या एकत्र कुटुंबात निर्णयाला वेळ लागतो, म्हणून आपण तीन भावांना घराबाहेर काढतो काय? एवढ्या भाषांच्या, प्रांतांच्या आणि समाजांच्या देशात लहानातल्या लहान गटालाही आपले म्हणणे बैठकीत मांडता आले, तर उशीर झाला तरी तो सोसावा.

२०२४ साली ही गोष्ट पुन्हा दिसली. ४ जूनला निकाल लागला. भाजपला २४०, काँग्रेसला ९९. निवडणुकीपूर्वीच जुळलेल्या आघाडीची बेरीज २९३ झाली. तीत तेलुगू देसमचे १६ आणि संयुक्त जनता दलाचे १२ सभासद मोलाचे ठरले आणि ९ जूनला शपथविधी उरकला. १९९६ सालची धावपळ या वेळी झाली नाही, याचे कारण कोण कोणाबरोबर आहे हे मतदारांना मत देण्याआधी ठाऊक होते.

आता आपल्या कर्तव्याविषयी. आम्ही शिक्षक मंडळी निवडणुकीच्या कामावर जातो. मतदान संपल्यावर यंत्रात किती मते नोंदली गेली याचा लेखी हिशेब करून, त्याची सही केलेली प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या हाती द्यावी लागते. आकडा जुळला नाही तर तसे नमूद करावे लागते. मग ज्यांना आपण ही मते दिली, त्यांच्याकडून आपण किती हिशेब मागतो?

म्हणून माझी विनंती आहे, आणि हे भाषण छापील पानावर वाचणाऱ्यालाही तीच विनंती आहे. उमेदवार दारी आला की त्याला दोन गोष्टी विचारा. तुमच्या पक्षाला बहुमत मिळाले नाही तर तुम्ही कोणाबरोबर जाल? आणि गेलात तर आमचे कोणते काम सोडणार नाही? शाळा, पाणी, रस्ता, दवाखाना, शिष्यवृत्ती, जे आपल्याला महत्त्वाचे वाटते त्याचे नाव घेऊन विचारा. सरकार बनल्यावर त्याचा समान कार्यक्रम वर्तमानपत्रातून कापून ठेवा आणि वर्षातून एकदा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यांतले काय झाले, काय राहिले, याच्यापुढे खुणा करा. ज्या घरात किराणा दुकानाची वही महिन्याच्या महिन्याला तपासली जाते, त्या घराला हे काम जड जाऊ नये.

मतांची बेरीज यंत्र एका दिवसात करून देते. दिलेल्या शब्दाचा हिशेब मात्र पाच वर्षे आपणच ठेवावयाचा आहे. तो ठेवणारे नागरिक आपल्या शाळांतून तयार व्हावेत, एवढीच इच्छा व्यक्त करतो.