ऐकण्याचे काम
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "तुमच्या कामाविषयी दोन शब्द बोला" असा आग्रह केला, तेव्हा मला संकोचच वाटला. मी एका कुटुंब-सल्ला केंद्रात दूरध्वनीवर बसते. घरची मुले म्हणतात, "आईला बोलण्याचा पगार मिळतो!" वास्तविक आमची खरी मेहनत न बोलण्यात असते.

खरे दुःख पहिल्या वाक्यात कोणी सांगत नाही. "रेशनकार्डावरचे नाव कसे बदलतात हो?" असे एखादी विचारते. आपण माहिती देऊन मोकळे झालो, तर ती फोन ठेवून देते. जरा थांबलो, की पलीकडून हुंदका ऐकू येतो.

माझी एक चूक आज आपणांपुढे कबूल करते. पहिल्याच वर्षी एका बाईंचा फोन मध्येच तुटला. मला चैन पडेना. मी आपणहून तोच क्रमांक लावला. पुरुषाचा आवाज आला, आणि भांबावून मी केंद्राचे नाव सांगून बसले. त्या बाईंचा फोन पुन्हा कधीच आला नाही. पुढे त्यांचे काय झाले, हे मला आजतागायत ठाऊक नाही. माझा हेतू चांगला होता. पण त्यामुळे त्यांची वाट बंद झाली असेल, ही टोचणी जात नाही. तेव्हापासून नाव विचारण्याआधी मी तीन गोष्टी विचारते: आता बोलणे सोयीचे आहे ना? कोणी आले, तर फोन कसा आटोपायचा? आणि मी उलट फोन केला तर चालेल का?

"सोसा" म्हणणे सोपे, "घर सोडा" म्हणणे त्याहून सोपे. निर्णय मात्र जिला त्या घरात रात्र काढायची आहे, तिचाच. आम्ही तिला तिचे हक्क सांगतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणे घर तिच्या नावावर नसले, तरी तिला त्या सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. हे ऐकून पुष्कळजणी विचारतात, "खरंच का हो?"

आता आपल्याविषयी. "दुसऱ्याच्या घरात कशाला पडा?" असे आपण म्हणतो. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि सद्‌भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. जिवावर बेतले असेल, तर ११२ लावावा. एरवी स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि वृद्धांसाठी १४५६७ हे क्रमांक ध्यानात ठेवावेत. १०९८ ची सेवा तर १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली.

परंतु क्रमांकाच्याही आधी शेजारीण असते. वाटीभर साखरेच्या निमित्ताने जावे, घटकाभर बसावे. उपदेश करू नये, चारजणींत बोलू नये. "मी पलीकडेच आहे," एवढे सांगून यावे. आमच्या फोनला जे साधत नाही, ते भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आपणांस साधेल.