परिशिष्टातून पडद्यावर : एका ॲनिमेशनपटाचं मोल
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



गाजलेल्या मालिकेतून एखादा नवा चित्रपट निघाला की तो पाहून बाहेर पडताना दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, 'मूळची सर नाही.' दुसरं, 'जुने दिवस आठवले.' पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात कौतुक. पण नव्या चित्रपटाबद्दल या दोन्ही वाक्यांतून काहीच कळत नाही. मोठ्या कथेच्या पोटातून आलेली छोटी कथा कशी जोखावी, याविषयी मला आज बोलायचं आहे. हवेत बोलून उपयोग नाही, म्हणून एकच उदाहरण घेते : डिसेंबर २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला, केंजी कामियामा दिग्दर्शित 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द वॉर ऑफ द रोहिरिम' हा ॲनिमेशनपट.

पीटर जॅक्सन यांचे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ साली आले. तिसऱ्याला अकरा ऑस्कर मिळाले. पुढे २०१२ ते २०१४ या काळात 'हॉबिट'चे तीन भाग आले. सहाही चित्रपटांत हाडामांसाची माणसं आणि न्यूझीलंडचे खरे डोंगर होते. त्यानंतर त्याच जगातली, पण काही पिढ्या आधीची गोष्ट सांगायला जपानी दिग्दर्शकाला बोलावलं गेलं आणि गोष्ट रेखाटनातून सांगायची असं ठरलं. अशा चित्रपटाला मी तीन प्रश्न विचारते. मूळ लेखकाने जी जागा मोकळी सोडली होती, तिचं याने काय केलं? मूळ मालिका न पाहिलेल्या माणसापुढे हा आपल्या पायांवर उभा राहतो का? आणि चित्राने सांगायची म्हणून सांगितलेली गोष्ट चित्राचं सामर्थ्य वापरते का?

पहिल्या प्रश्नासाठी मुळाकडे जायला हवं. जे. आर. आर. टॉल्किन यांची कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. तिसऱ्या खंडाच्या शेवटी परिशिष्टं आहेत आणि पहिल्याच परिशिष्टात रोहान या घोडेस्वारांच्या राज्याचा त्रोटक इतिहास आहे. त्यात नववा राजा हेल्म हॅमरहँड याची हकिकत दोन-तीन पानांत उरकली आहे. फ्रेका नावाचा एक बलाढ्य सरदार आपल्या मुलासाठी, वुल्फसाठी, राजाच्या मुलीला मागणी घालतो. दोघांची बाचाबाची होते, राजा त्याला बाहेर नेतो आणि राजाच्या एका ठोशात फ्रेका कोसळतो, मरतो. टॉल्किन यांच्या कालगणनेत ही गोष्ट तिसऱ्या युगाच्या २७५४ साली घडते. चार वर्षांनी वुल्फ शेजारच्या डनलंडच्या लोकांची फौज घेऊन येतो, राजधानी एडोरास घेतो आणि स्वतः सिंहासनावर बसतो. हेल्म एका दरीतल्या किल्ल्यात अडकतो. त्याच हिवाळ्यात रोहान जवळजवळ पाच महिने बर्फाखाली राहतं. राजाचे दोन्ही मुलगे मरतात. राजा रात्री पांढरे कपडे घालून एकटा शत्रूच्या छावणीत शिरतो आणि नुसत्या हातांनी माणसं मारतो. बाहेर पडण्याआधी तो रणशिंग फुंकतो, त्यामुळे शिंगाचा आवाज आला की शत्रूची पांगापांग होते. एका रात्री तो परतत नाही. सकाळी तटाबाहेर उभ्याउभ्याच गोठलेला सापडतो. शेवटी त्याचा भाचा फ्रेआलाफ वुल्फला मारून राज्य परत मिळवतो.

एवढ्या सगळ्याला जिच्या मागणीने तोंड फुटलं, त्या मुलीचं पुढे काय झालं? परिशिष्टात तिला नाव नाही. ती काय म्हणाली, कुठे होती, जगली की मेली, यावर एक अक्षर नाही. मोकळी जागा ती हीच.

चित्रपटाने नेमकी ती जागा पकडली. मुलीला हेरा हे नाव दिलं आणि कथा तिच्या बाजूने सांगितली. पात्र उभं करताना इंग्लंडच्या इतिहासातली एथेलफ्लेड लेखकांच्या डोळ्यांपुढे होती. राजा आल्फ्रेडची ही मुलगी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला मर्सिया या राज्याचा कारभार पाहत होती आणि व्हायकिंगांविरुद्ध किल्ले बांधत होती. टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते आणि रोहानची भाषा, नावं, राजसभा त्यांनी त्याच जुन्या इंग्रजी जगातून घेतली. त्यामुळे ही निवड मुळाच्या मातीतली आहे. बाहेरून आणून चिकटवलेली ती वाटत नाही.

आपल्याला हा व्यवहार परका नाही. ययातीची कथा महाभारताच्या आदिपर्वात येते. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये तिची कादंबरी केली आणि ययाती, देवयानी, शर्मिष्ठा या तिघांना आपापल्या तोंडून बोलायला लावलं. व्यासांनी शर्मिष्ठेला एवढं बोलू दिलं नव्हतं, म्हणून कुणी खांडेकरांना दोषी धरलं नाही. वाचकांनी एवढंच पाहिलं, की नव्याने बोलू लागलेली माणसं खरी वाटतात की नाही. कामियामांच्या चित्रपटालाही हीच कसोटी लावली पाहिजे. परिशिष्टात वुल्फला फ्रेआलाफ राजवाड्यात मारतो, चित्रपटात हेरा त्याला किल्ल्यापाशी मारते. हा बदल झाला एवढ्याने चित्रपट वाईट ठरत नाही. बदलामुळे कथेला काय मिळालं, हे विचारायचं.

माझ्या मते निम्मं मिळालं. हेरा आणि वुल्फ लहानपणचे सोबती होते, ही चित्रपटाची स्वतःची भर. तिच्यामुळे शेवटच्या द्वंद्वाला वजन येतं. एकेकाळी एकत्र खेळलेली दोन मुलं समोरासमोर उभी असतात. ऑल्विन ही हेराची वयस्क सहचरी रोहानच्या जुन्या ढालकरी स्त्रियांपैकी एक. हेराचं धाडस एकटीचं नाही, तिच्या मागे विसरल्या गेलेल्या बायकांची परंपरा आहे, हे ऑल्विनमुळे कळतं. पण दुसऱ्या बाजूला चित्रपटाने हात आखडता घेतला. डनलंडचे लोक रोहानवर का चालून येतात? टॉल्किन यांच्या पुस्तकात याला कारण आहे : रोहानचे लोक आले तेव्हा या लोकांना आपल्या जमिनी सोडून मागे हटावं लागलं होतं. ते वैर पिढ्यांचं आहे. चित्रपटात वुल्फ मुख्यतः अपमानाने आणि नकाराने पेटलेला तरुण म्हणून उरतो, आणि त्याच्या मागची फौज म्हणजे नुसती गर्दी. मुलीला आवाज मिळाला, पण हरलेल्या लोकांना मिळाला नाही.

आता दुसरा प्रश्न. हा चित्रपट एकटा उभा राहतो का? सुरुवातच एओविनच्या निवेदनाने होते. मूळ मालिकेत एओविन झालेल्या मिरांडा ओटो यांचाच आवाज आहे. रोहानची एक राजकन्या दुसऱ्या, विस्मृतीत गेलेल्या राजकन्येची गोष्ट सांगते. रचना म्हणून हे सुंदर आहे. पण पडद्यावर जे दिसतं आहे तेच निवेदन पुन्हा सांगू लागतं, तेव्हा प्रेक्षकावर विश्वास नसल्यासारखं वाटतं. संगीतकार हॉवर्ड शोअर यांनी मूळ मालिकेत रोहानसाठी नॉर्वेचं हार्डांगर फिडल वापरलं होतं. इथे स्टीफन गॅलहर यांच्या संगीतात त्या जुन्या सुरावटी ऐकू येतात. तोही वारसा रास्त आहे, कारण राज्य तेच आहे.

अडचण पुढे येते. अंगठ्या गोळा करत फिरणारे ओर्क, म्हणजे मूळ मालिकेतले राक्षसी सैनिक, मध्येच दिसतात. शेवटी मूळ मालिकेतला जादूगार सारुमान येतो, तोही क्रिस्टोफर ली यांच्या आवाजात. ली २०१५ मध्ये वारले. त्यांचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातून घेतला आहे. सारुमानचं येणं परिशिष्टात आहे, फ्रेआलाफच्या राज्याभिषेकाला तो खरंच येतो. म्हणून त्याला माझी हरकत नाही. ओर्कांच्या अंगठ्या मात्र या कथेच्या कामाच्या नाहीत. त्या काढल्या तर हेराच्या आयुष्यात काही बदलत नाही. मालिकेच्या चाहत्याला ओळखीची खूण पटावी, एवढंच त्यांचं काम. मी यासाठी एक साधी परीक्षा सुचवते. असा ओळखीचा तुकडा दिसला की तो मनातल्या मनात काढून टाका. कथा लंगडी पडली तर तो तिथे हवा होता. नाही पडली तर तो जाहिरात होता.

तिसरा प्रश्न चित्राचा, आणि इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. टॉल्किन आणि ॲनिमेशन यांची गाठ जॅक्सन यांच्या खूप आधीची आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या रँकिन-बास कंपनीने 'हॉबिट' टीव्हीसाठी केला. त्याचं रेखाटन टोकियोच्या टॉपक्राफ्ट या स्टुडिओत झालं. पुढे याच स्टुडिओत हायाओ मियाझाकी यांचा 'नॉशिका' (१९८४) तयार झाला आणि तिथल्या काही मंडळींसह १९८५ मध्ये स्टुडिओ जिबली उभा राहिला. १९७८ मध्ये राल्फ बाक्षी यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला अर्धा भाग केला. त्यात खऱ्या नटांचं चित्रण करून त्यावर रेषा ओढण्याचं, म्हणजे रोटोस्कोपिंगचं तंत्र होतं. तेव्हा २०२४ मध्ये जपानी चित्रकारांच्या हाती मध्यभूमी, म्हणजे टॉल्किन यांचं हे काल्पनिक जग, जाणं हा धंद्याचा अपघात नव्हता. त्यामागे जवळजवळ पन्नास वर्षांचं नातं होतं. कामियामा यांनी स्वतः 'घोस्ट इन द शेल : स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' आणि भालाधारी बाल्साची कथा सांगणारी 'मोरिबितो' (२००७) या मालिका दिग्दर्शित केल्या आहेत. शस्त्र हाती घेतलेली, पण शस्त्रापलीकडे विचार करणारी स्त्री त्यांना नवी नव्हती.

त्यांच्या चमूने आधी नटांकडून प्रसंग करवून घेतले, मोशन कॅप्चरने हालचाली टिपल्या, संगणकात त्रिमित दृश्यं रचली आणि ती समोर ठेवून चित्रकारांनी हाताने रेखाटन केलं. कष्ट किती, याचा साधा हिशेब करू. चित्रपट १३४ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी. जपानी ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा दोन चौकटींना एक चित्र धरतात, म्हणजे सेकंदाला १२. पडद्यावर एकच पात्र आहे असं मानलं तरी शहाण्णव हजारांहून अधिक चित्रं होतात. आणि इथे पडद्यावर घोडदळं आहेत! धावणारा घोडा काढणं हे ॲनिमेटरच्या कामातलं अतिशय कठीण काम समजलं जातं. चार पायांची लय, मानेचा झोका, स्वाराचं वजन, सगळं एकाच वेळी जमावं लागतं.

एवढे कष्ट मान्य करूनही फळाबद्दल खरं बोललं पाहिजे. मोठ्या लढायांत कॅमेरा जॅक्सन यांच्या चित्रपटासारखा गरगर फिरू पाहतो आणि तिथे रेषा अपुऱ्या पडतात. माणसं जमिनीवर पाय न रोवता सरकल्यासारखी वाटतात, चेहऱ्यांवर भाव बदलत नाहीत. जिवंत चित्रपटाची नक्कल करायला गेलं की रेखाटन हरतं.

पण बर्फ पडायला लागतं आणि चित्रपट बदलतो. वेढा पडलेला किल्ला, शेकोटीभोवती थिजलेली माणसं, बाहेर पांढरा अंधार, आणि त्या पांढऱ्यात जेमतेम दिसणारा एक म्हातारा राजा. ब्रायन कॉक्स यांचा खर्जातला आवाज. शत्रूला कळत नाही की हा माणूस आहे की भूत. काही क्षण आपल्यालाही कळत नाही. इथे चित्रकाराने कमी काढलं आहे आणि म्हणूनच ते पुरेसं झालं आहे. खऱ्या नटाला मेकअप करून उभं केलं असतं तर आपण नट ओळखला असता. रेषेतला हेल्म मात्र दंतकथा होतानाच दिसतो. जॅक्सन यांच्या दुसऱ्या चित्रपटातली ती प्रसिद्ध लढाई ज्या दरीत होते, तिला हेल्मचं नाव का पडलं, हे या भागात डोळ्यांना कळतं. मूळ मालिकेने जे सांगितलं नव्हतं आणि जे चित्रानेच सांगता आलं असतं, ते इथे सांगितलं गेलं आहे.

आता पैशांविषयी थोडं. या चित्रपटाला सुमारे तीन कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरातून सुमारे दोन कोटी मिळाले. त्यामुळे तो 'पडला' असं म्हणून विषय संपवला गेला. टॉल्किन यांच्या कथांचे पडद्यावरचे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून तो घाईने काढला गेला, अशा बातम्याही छापून आल्या. निर्मात्याच्या कचेरीत चित्रपट का मंजूर झाला, हे जाणून घ्यावं. पण त्यावरून हिमातल्या त्या दृश्यांची किंमत ठरवू नये. धंद्याच्या निमित्ताने सुरू झालेल्या कामातही एखादा चित्रकार जीव ओततो, आणि निर्मळ हेतूने केलेलं कामही फसतं. गल्ला हे निर्मात्याचं मोजमाप झालं. रसिकाने आपलं वेगळं मोजमाप ठेवावं.

माझा निर्णय सांगते. 'द वॉर ऑफ द रोहिरिम' हा थोर चित्रपट नाही. त्याची पहिली चाळीस-पन्नास मिनिटं ओळखीच्या वाटेने जातात आणि शत्रूला न्याय देण्याची संधी तो गमावतो. तरीही परिशिष्टातल्या एका अनाम मुलीला त्याने मनापासून उभं केलं आणि हिवाळ्याच्या त्या भागात त्याने स्वतःची भाषा कमावली. तो अपुरा आहे, पण खोटा नाही. अशी कलाकृती पाहण्यालायक असते.

यापुढे गाजलेल्या कथांच्या पोटकथा पडद्यावर येण्याचं प्रमाण वाढणारच आहे, आपल्याकडेही वाढणार आहे. तुमच्या घरातली मुलं हे चित्रपट पाहतील. त्यांच्याबरोबर बसून पाहा. संपल्यावर 'मूळची सर नाही' असं म्हणून उठू नका. त्यांना विचारा, यात कुणाला पहिल्यांदा बोलायला मिळालं आणि कोण अजून गप्पच आहे. मग मूळ पुस्तक काढा आणि ती दोन-तीन पानं त्यांच्याबरोबर वाचा.