हजेरीपटावरची नावे

जून महिना आला की पहिलीच्या वर्गात नवी मुले येतात आणि गुरुजी हजेरीपट लिहायला बसतात. पटावर दत्तात्रय असतो, अब्दुल करीम असतो, गुलाब असतो, दौलत असतो. यातले 'आपले' नाव कोणते आणि 'परके' कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर वाटते तितके सोपे नाही बरे का!

गुलाबरावांचेच घ्या. 'गुल' म्हणजे फूल, 'आब' म्हणजे पाणी. फारशीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण ते नाव फुलालाच देऊन टाकले आणि पुढे 'राव' जोडून माणसालाही. दौलत, हिंमत, साहेब हे शब्द मूळचे अरबी. आपल्याकडे आले ते फारशीच्या वाटेने.

शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी यांची नावे नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असे परंपरेने सांगतात. पुढे राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या सुमारास, शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण त्यांच्या संस्कृत मुद्रेत वडिलांचे नाव 'शाह' असेच आहे. ते कोण बदलणार?

आणि हा 'शाह' तरी कितीसा परका? त्याचा धागा आपल्या 'क्षत्र' शब्दाशी जुळतो. फारशी आणि संस्कृत एकाच कुळातल्या. पारशी मंडळींतले बेहराम हे नाव पाहा. त्याचे जुने रूप अवेस्तात सापडते, आणि ते म्हणजे आपला 'वृत्रहन्', वृत्राला मारणारा. वेदात हे इंद्राचे विशेषण. जमशेदमधला 'जम' म्हणजे यम. तिकडे मात्र तो वैभवशाली राजा. जामास्प या नावातला 'अस्प' म्हणजे अश्व. आणि खुदादाद? देवाने दिलेला. थेट आपला देवदत्तच! 'दाद' आणि 'दत्त' एकाच धातूची लेकरे.

अरबीचे कुळ निराळे. तिथे बहुधा तीन व्यंजनांवर शब्द उभे राहतात. ह, म, द म्हणजे स्तुती; त्यातून महंमद, अहमद, महमूद, हमीद.

आता गुरुजनांसाठी थोडे. 'अब्द' म्हणजे दास, 'करीम' म्हणजे उदार, अर्थात परमेश्वर. अब्दुल करीम हे सगळे मिळून एक नाव. मिरजेच्या खाँसाहेबांमुळे ते आपल्या कानांवरून गेलेलेच आहे. 'अब्दुल' मुलाच्या रकान्यात आणि 'करीम' बापाच्या रकान्यात टाकला, तर रामदासातला राम काढून नुसता दास ठेवल्यासारखे होते. शिवाय पटावरचे नाव तसेच दाखल्यावर उतरते. मग नोकरीच्या अर्जाशी, जमिनीच्या कागदाशी ते जुळत नाही आणि बिचाऱ्याला कचेरीत खेटे घालावे लागतात. म्हणून आईबापांना विचारावे, दोनदा म्हणवून घ्यावे, मग लिहावे. आणि बापाने 'दत्तात्रय' सांगितले तर दत्तात्रयच लिहावे. शुद्ध रूप 'दत्तात्रेय', ते आम्ही कॉलेजात सांगत बसू.