सोयाबीन पिवळं पडतंय? आधी पान उलटून बघा

2023 चा पावसाळा आठवतो ना? ऑगस्टभर पावसानं ओढ दिली, आणि सप्टेंबरात लातूर-नांदेडकडची सोयाबीनची हिरवी रानं बघता बघता पिवळी पडली. शेंगा दिसत होत्या, पण दाणे भरलेच नाहीत.

तो होता पिवळा मोझॅक. हा विषाणूचा रोग आहे. पांढरी माशी तो पसरवते. तिळाहून बारीक ही माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते, झाड हलवलं की भुर्रकन उडते. रोगट झाडाचा रस पिऊन ती चांगल्या झाडावर बसली की रोग तिकडे गेलाच. उडीद-मुगालाही ती सोडत नाही. भातावरचा टुंग्रो हिरवे तुडतुडे असाच पसरवतात.

आता खर्चाचं बोलू. पान पिवळं दिसलं की बुरशीचं औषध आणून मारतात. पैसे पाण्यात! विषाणूवर औषधच नाही. पिवळं पडलेलं झाड पुन्हा हिरवं होत नाही. फवारणी करायची ती माशीसाठी, बाकीचं रान वाचावं म्हणून.

पण प्रत्येक पिवळं पान मोझॅकचं नसतं. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे ठिपके, चट्टे मिसळलेले दिसतात. असं झाड उपटून पोत्यात भरा आणि खड्ड्यात गाडा. बांधावर टाकू नका.

हे झाड सगळ्यात आधी खुरपणाऱ्या बाईला दिसतं. आमच्या गटात यावरून वाद झाला. दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेलेल्या बाईनं उभं पीक उपटलं तर मालक बोलणारच. म्हणून आम्ही ठरवलं, आधी मालकाला बांधावर बोलवायचं, पान उलटून माशी दाखवायची, मग उपटायचं. एक-दोन झाडं आहेत तोवरच याचा उपयोग. निम्मं रान पिवळं झाल्यावर कोण किती उपटणार?

रानात पिवळे चिकट सापळेही लावा, माशी पिवळ्या रंगाकडे येते. आणि निंबोळ्या गळायला लागल्या की गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. अर्ध्या किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळून एकूण 10 लिटर पाणी करायचं, थोडा साबणाचा चुरा घालायचा. फवारताना नळी पानाच्या खालून धरा, माशी तिथंच असते.